येशूवर श्रद्धा आणि विक्काचे विधी: दोन्ही एकत्र चालतील का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक तिशीतली विवाहिता आहे. ती ख्रिस्ती मंडळीत वाढली, बाप्तिस्मा झालेली आहे, गायनवृंदात गाते आणि संडे स्कूलच्या लहान मुलांना शिकवते. दीड वर्षापूर्वी पाचव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. लोक भेटून गेले, पण त्या बाळासाठी प्रार्थनासभा झाली नाही आणि नंतर कुणी विषयही काढला नाही. त्याच काळात ती विक्का, म्हणजे देवीची आणि निसर्गाची उपासना व मंत्रविधी करणारा पंथ, मानणाऱ्या बायकांच्या एका ऑनलाइन गटात गेली. एका पौर्णिमेच्या रात्री तिने पहिल्यांदा विधी केला, बाळाला मनात ठेवलेलं नाव मोठ्याने उच्चारलं आणि पोटभर रडली. ते नाव तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात तिची छोटी वेदी आहे: मेणबत्ती, मिठाच्या पाण्याची वाटी, एक शिंपला आणि आजीचा लाकडी क्रूस. पुन्हा दिवस जावेत म्हणून तिने सलग तीन पौर्णिमा एक मंत्रविधीही केला. काही घडलं नाही, तेव्हा गटातल्या जाणत्या बाईने सांगितलं की तुझं मन दोन ठिकाणी असल्यामुळे शक्ती फुटते. त्या गटाने तिला येत्या सॅम्हेनला, म्हणजे विक्काच्या ऑक्टोबरअखेरच्या सणाला, दीक्षा घ्यायला सुचवलं आहे. मंडळीतल्या एका मैत्रिणीला अर्धवट कळलं, तर ती म्हणाली, "तू सैतानाला दार उघडलंस." वाचक विचारते: "मला येशू सोडायचा नाही. पण विक्का म्हणजे ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा धर्म, जाळल्या गेलेल्या बायकांचा. तो मला हाक मारतो. दोन्ही चालेल का? देव रागावला असेल का? संडे स्कूल सोडू का?"

प्रिय मैत्रिणी,

प्रश्न तुम्ही धर्माचा विचारला आहे, पण पत्राची निम्मी पानं बाळाबद्दल आहेत. म्हणून आधी तेच. तुमचं बाळ गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाच महिने पोटात वाढलेल्या लेकराला निरोप द्यायला कुणीच जागा करून दिली नाही, हे चुकलंच. काय बोलावं ते न सुचल्यामुळे गप्प बसणारी माणसं सगळीकडे असतात, तुमच्या मंडळीतलीही तशीच असतील. पण त्यांच्या गप्प बसण्याने तुम्ही एकट्या पडलात आणि जिथे रडायला मिळालं तिथे गेलात. देव रागावला असेल का, असं विचारता. मुलासाठी रडणाऱ्या आईवर रागावणारा देव मला बायबलमध्ये सापडत नाही. यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घ्यायला नकार देते. मत्तयाने तीच ओळ येशूच्या जन्मकथेत घेतली. तिच्या रडण्यावर तिथे कुणी रागावत नाही.

आणखी एक आधीच सांगते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करते, त्यामुळे माझं उत्तर तटस्थ नाही. पण विक्का मानणाऱ्यांना सैतानाचे भक्त म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्यांच्या श्रद्धेत सैतान नाहीच, ते त्याला मानतही नाहीत आणि पूजतही नाहीत. तुमची मैत्रीण काळजीपोटी बोलली असेल, पण माहिती घेऊन बोलली नाही.

आता 'चालेल का?' हा प्रश्न. याचं उत्तर पटकन देता येतं, म्हणून देऊन टाकते. चर्चला विचाराल तर 'नाही'. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात शकुन पाहणं, मंत्रतंत्र करणं, मेलेल्यांना कौल लावणं यांना सरळ मनाई आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातले परिच्छेद २११६ आणि २११७ याच विषयावर आहेत, आणि कुणाला बरं करण्यासाठी केलेली जादूही तिथे नाकारली आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचं म्हणणं यापेक्षा फार वेगळं नाही. विक्काच्या बाजूने विचाराल तर उत्तर माणसागणिक बदलेल. गार्डनेरियन किंवा अलेक्झांड्रियन या विक्काच्या जुन्या परंपरांत दीक्षा असते, तिच्या तीन पायऱ्या असतात, देव आणि देवी ठरलेले असतात. त्यांच्या जागी येशूला आणून बसवणं त्यातल्या अनेकांना रुचत नाही, आणि तेही मला समजतं. एकट्याने साधना करणाऱ्यांत मोकळीक जास्त असते. स्वतःला 'ख्रिस्ती विक्कन' म्हणवणारी माणसंही आहेत. त्यांतली काही पवित्र आत्म्याला किंवा मरियेला देवीच्या रूपात पाहतात. म्हणजे नाही म्हणणारे जसे भेटतील, तसं हो म्हणणारंही कुणीतरी भेटेलच. परवानगी मिळवून तुमचं मन शांत होणार नाही, कारण तुमचा खरा पेच परवानगीचा नाही.

तुमच्या पत्रातली एक समजूत मात्र मला आधी बाजूला करायची आहे, कारण तिच्यावर बरंच काही उभं आहे. विक्का हा ख्रिस्तपूर्व काळापासून लपूनछपून चालत आलेला धर्म आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. विक्का जगापुढे आणला तो जेराल्ड गार्डनर यांनी. मलायामध्ये कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला हा इंग्रज माणूस. इंग्लंडमधला १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांचं या पंथाबद्दलचं पुस्तक आलं. डोरीन व्हॅलिएंटे यांना १९५३ साली त्यांच्याकडून दीक्षा मिळाली. पौर्णिमेला देवीच्या तोंडचं म्हणून जे आवाहन वाचतात, त्याचं आजचं रूप बरंचसं व्हॅलिएंटेंच्या लेखणीतलं आहे. वर्तुळ आखणं, चार दिशांना बोलावणं या गोष्टी गोल्डन डॉनसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या गुप्त मंडळांकडून आणि शलमोन राजाच्या नावावर लिहिल्या गेलेल्या जुन्या मंत्रग्रंथांतून आल्या. त्या ग्रंथांत देवाची हिब्रू नावं आणि देवदूतांची नावं भरलेली आहेत. गोल्डन डॉनच्या एका प्रसिद्ध विधीत तर चारी बाजूंना राफाएल, गाब्रिएल, मीखाएल आणि उरिएल उभे असतात. तुम्ही जे वर्तुळ आखता, त्याच्या वंशावळीत बायबलची नावं आधीपासून आहेत.

आणि त्या जाळलेल्या बायका. १९२१ साली मार्गारेट मरे यांनी असं मांडलं की चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या स्त्रिया एका जुन्या, संघटित धर्माच्या उपासक होत्या. इतिहासकारांनी हा सिद्धांत पुढे मोडीत काढला. साधारण १४५० ते १७५० या काळात युरोपात ४० ते ६० हजार माणसांना चेटकाच्या आरोपावरून ठार केलं गेलं. त्यात पुरुषही होते, आइसलँडमध्ये तर जवळजवळ सगळे पुरुषच होते. इंग्लंडमध्ये जाळत नसत, फाशी देत. ती बहुतेक माणसं देवीची उपासक नव्हती. ती बाप्तिस्मा झालेली, रविवारी चर्चला जाणारी, शेजाऱ्याशी भांडण झालेली, गाय आटली किंवा मूल दगावलं म्हणून कुणाच्या तरी डोळ्यांवर आलेली साधी माणसं होती. शेवटच्या क्षणी त्यांतल्या अनेकींनी येशूलाच हाक मारली असणार. चर्चने आणि न्यायालयांनी त्यांच्यावर केलेला अन्याय भयंकर आहे आणि तो ख्रिस्ती माणसाने विसरू नये. पण त्यांच्यासाठी तुम्हाला धर्म बदलायची गरज नाही. त्या तुमच्याच मंडळीतल्या होत्या.

विक्का सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे म्हणून तो खोटा, असं मी म्हणत नाही. प्रत्येक धर्म कधीतरी नवा असतो. 'परत मुळाकडे जाते आहे' हे कारण तेवढं टिकत नाही. मग उरतं ते कारण कुठलं, ते बघू.

तुम्ही लिहिलं आहे की विक्काने तुम्हाला चंद्र दिला, ऋतू दिले, पाणी आणि अग्नी दिले, हाताने काहीतरी करायला दिलं. चर्चमध्ये फक्त बाकावर बसून ऐकायचं असतं. ही तक्रार मला खरी वाटते. पण यातलं किती तुमच्याच घरात धूळ खात पडलं आहे, हेही पाहा. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर. विक्काचा सॅम्हेन ३१ ऑक्टोबरला येतो, आणि चर्च १ नोव्हेंबरला सर्व संतांची, २ नोव्हेंबरला सर्व मृतांची आठवण करतं. विक्काचाच इम्बोल्क हा सण १ फेब्रुवारीला, तर २ फेब्रुवारीला बाळ येशूला मंदिरात नेल्याचा सण, ज्या दिवशी अनेक ठिकाणी वर्षभराच्या मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. बाराव्या शतकातली मठाधिपती हिल्डेगार्ड झाडपाल्यावर, खड्यांवर, औषधींवर लिहीत असे, आणि सगळ्या सृष्टीत वाहणाऱ्या हिरव्या ओलाव्यात तिला देवाचं सामर्थ्य दिसे. तिच्या जन्मानंतर नऊशेहून अधिक वर्षांनी, २०१२ साली, कॅथलिक चर्चने तिला आपल्या मोजक्या महागुरूंत बसवलं. असिसीच्या फ्रान्सिसने चंद्राला बहीण म्हटलं. १४८वं स्तोत्र सूर्य, चंद्र, गारा, फळझाडं, सरपटणारे जीव, सगळ्यांना देवाची स्तुती करायला बोलावतं.

म्हणून मेणबत्ती, मिठाचं पाणी, शिंपला, पौर्णिमेला गच्चीवर किंवा अंगणात बसणं, ऋतू बदलला की घरात काहीतरी बदलणं, यांच्यासाठी तुम्हाला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. हे करून तुम्ही विक्कन होत नाही.

हीच गोष्ट पौलाने फार नेमकी पकडली आहे, आणि तुमच्या प्रश्नाला त्याचं उत्तर मला सगळ्यांत जवळचं वाटतं. करिंथच्या मंडळीत पेच होता की बाजारातलं मांस बऱ्याचदा मूर्तीपुढे अर्पण केलेलं असतं, ते खावं का. पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात पौल सांगतो की बाजारात विकलं जातं ते खुशाल खा, चौकशा करत बसू नका, कारण पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं प्रभूचं आहे. पण त्याच अध्यायात, काही ओळी आधी, तो तितक्याच ठामपणे म्हणतो की प्रभूचा प्याला आणि दुसऱ्या वेदीवरचा प्याला दोन्ही पिता येणार नाहीत. त्या दुसऱ्या वेदीबद्दल त्याचे शब्द माझ्यापेक्षा खूप कडक आहेत. वस्तूंना तो मोकळं सोडतो, नातं मात्र एकाशीच ठेवायला सांगतो.

तेव्हा कपाटातल्या वेदीवर काय काय आहे, याने फारसा फरक पडत नाही. तिथे तुम्ही कुणाशी बोलता आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवता, याने पडतो.

आधी कुणाशी, ते. तुम्ही लिहिता, "त्या रात्री मला आईसारखं कुणीतरी ऐकतंय असं वाटलं." मंडळीत देव कायम बाप म्हणूनच भेटला असेल तर हे ऐकणं किती नवं वाटलं असेल! पण यशयाच्या ४९व्या अध्यायात देव विचारतो की आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल का, आणि ६६व्या अध्यायात म्हणतो की आई समजावते तसं मी तुम्हाला समजावीन. येशू स्वतःला पिलं पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीच्या जागी ठेवतो. चौदाव्या शतकात नॉर्विचच्या ज्युलियन या साध्वीने येशूला सरळ आई म्हटलं. तिला १३७३ साली दर्शनं झाली. त्यांवर तिने लिहिलेलं पुस्तक हे स्त्रीने लिहिलेलं, आज हाती असलेलं सर्वांत जुनं इंग्रजी पुस्तक मानलं जातं. तिच्याही आधी कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी प्रार्थनेत ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली होती. तेव्हा देवाला आई म्हणायला तुम्हाला घर सोडावं लागत नाही.

विक्काची देवी मात्र वेगळी आहे, आणि तिचा मान राखायचा तर हा फरक पुसता कामा नये. ती कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांत येते, चंद्राबरोबर वाढते आणि कमी होते. अनेकांच्या दृष्टीने ही पृथ्वी म्हणजे तिचंच शरीर. तिच्याबरोबर शिंगं असलेला देव आहे, जो वर्षाच्या चक्रात मरतो आणि पुन्हा जन्मतो. ख्रिस्ती श्रद्धेत सृष्टी देवाने केलेली आहे, पण सृष्टी म्हणजे देव नव्हे. आणि येशू दरवर्षी मरत नाही, एकदाच मेला. एकाच चित्राच्या या दोन चौकटी आहेत असं म्हणणं गोड वाटतं, पण दोन्हींपैकी एकीलाही ते धड लागू पडत नाही. त्या रात्री बाळाचं नाव तुम्ही कुणापुढे उच्चारलंत, याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. घाई करू नका. ते आज ठाऊक नसेल, तरी चालेल.

आता अपेक्षा. इथे मला तुमच्यासाठी काळजी वाटली, आणि ती सैतानाची नाही. तुम्ही लिहिता की कागदावर इच्छा लिहून, मेणबत्तीवर जाळून, राख मातीत पुरायची, असं तीन पौर्णिमा केलंत. चौथ्या पौर्णिमेला पाळी आली. तुम्ही गटात सांगितलंत, आणि उत्तर आलं की तुझं मन फुटलेलं आहे. याआधी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईनेही तुम्हाला म्हटलं होतं की आपला विश्वासच कुठे कमी पडला असेल. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडून घाव एकाच ठिकाणी बसला आहे: बाळ गेलं ते तुझ्यामुळे, आणि येत नाही तेही तुझ्यामुळे. हे खोटं आहे. कुणीही, कुठल्याही देवाच्या नावाने सांगितलं तरी खोटं आहे.

आपल्या इच्छेप्रमाणे घडवून आणायचं, हा मंत्रविधीचा गाभा. तो फसला की दोष करणाऱ्याकडे येतो, कारण शक्ती त्याचीच धरलेली असते. प्रार्थनेचा नमुना गेथशेमाने बागेत आहे: हा प्याला माझ्यावरून टळू दे, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. येशूने मागितलं, आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल का? हेही खरं की चर्चमधल्या कितीतरी प्रार्थना प्रत्यक्षात मंत्रच असतात. इतके दिवस उपास केला, इतक्या वेळा म्हटलं, आता देवाने दिलंच पाहिजे. तेव्हा मंत्र त्यांच्याकडे आणि प्रार्थना आपल्याकडे, अशी सरळ वाटणी मी करणार नाही. तुमच्यापुरती कसोटी अशी ठेवा: जे करता ते करून उठल्यावर तुम्ही हलक्या होता, की निकालाची वाट पाहत बसता? पहिल्या पौर्णिमेला तुम्ही रडून हलक्या झालात. नंतरच्या तीन पौर्णिमांनी तुम्हाला कॅलेंडरपुढे बसवलं. पहिली रात्र जपून ठेवा. नंतरचा विधी थांबवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

विक्काचं 'कुणाला इजा न करता हवं ते कर' हे सूत्र तुम्हाला येशूच्या शिकवणीजवळचं वाटतं. काही अंशी आहेही, आणि अनेक विक्कन माणसं ते फार निष्ठेने पाळतात. पण चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, लुटारूंनी जखमी करून टाकलेला वाटसरू पाहूनही बाजूने निघून गेलेल्या याजकाने आणि लेव्याने त्या जखमी माणसाला इजा केली नव्हती. येशूचं मागणं तिथून पुढे सुरू होतं. तुमच्या दुःखात तुम्हाला कुणी इजा केली नाही, पण कुणी थांबलंही नाही. म्हणून हा फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मग करायचं काय? येशूला धरून राहायचं आणि चंद्र, ऋतू, मेणबत्ती, देवाचं आईपण हे सगळं त्याच्यासमोर मोकळेपणाने आणायचं, ही एक वाट. तुमचं पत्र वाचून मला तुमचा ओढा इकडेच दिसतो. आजीचा क्रूस तुम्ही वेदीवरून काढलेला नाही. दुसरी वाट म्हणजे देवीच खरी वाटत असेल तर प्रामाणिकपणे विक्काकडे जायचं. मला त्याचं दुःख होईल, पण दोन्हीकडे अर्धं राहण्यापेक्षा मी त्याचा अधिक आदर करीन. तिसरी वाट म्हणजे काही काळ कुठलंच नाव न लावता शोधत राहायचं. शोक चालू असताना माणसाने धर्माबद्दलचे कायमचे निर्णय घेऊ नयेत, म्हणून सध्या ही तिसरी वाट मी तुम्हाला आनंदाने सुचवीन. 'ख्रिस्ती विक्कन' हे नाव घेण्यात मला दिसणारा तोटा एवढाच की नाव मिळालं की निवड झाल्यासारखी वाटते, आणि निवड तर झालेली नसते.

दीक्षा या वर्षी घेऊ नका. विक्काच्या जुन्या परंपरांतही दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकण्याची रीत आहे. तेवढा वेळ मागितलात तर चांगला गट नाही म्हणणार नाही. घाई करणारा, पैसे मागणारा, नवऱ्यापासून लपवायला सांगणारा, किंवा काही फसलं की तुम्हालाच दोष देणारा गट कुठल्याही धर्माचा असो, कुणाचं भलं करत नाही. शेवटची खूण तुम्हाला आधीच दिसली आहे.

डॉक्टरांकडे जा. पाचव्या महिन्यात बाळ जाण्यामागे गर्भाशयाचं मुख कमजोर असणं, संसर्ग, वारेतला बिघाड, रक्त गोठण्याचे आजार अशी कारणं असू शकतात, आणि त्यांतल्या काहींवर पुढच्या वेळी उपाय करता येतात. तपासण्या झाल्या का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आणि गटात 'चंद्राचा चहा' म्हणून जी पानं सांगितली आहेत, ती बंद करा. मगवर्ट, पेनीरॉयल आणि सताप या तिन्ही वनस्पती गरोदरपणात धोक्याच्या आहेत, आणि पेनीरॉयलचं तेल तर यकृताला विषारी आहे. दिवस जावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्या बाईला हे कुणी सुचवावं, याचा मला राग आला.

संडे स्कूल सोडू नका. मुलांना येशूच्या गोष्टी सांगताना तुम्ही खोटं बोलत नाही. उद्या दीक्षा घेतलीत तर मात्र पाळकांना सांगून बाजूला व्हा, कारण पालक एका भरवशावर मुलं पाठवतात.

तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. मुलीच्या, सुनेच्या किंवा बायकोच्या खोलीत अशी वेदी सापडली तर ती उधळू नका आणि भूत काढायला कुणाला बोलावू नका. तिथे काय मागितलं जातं, तेवढं विचारा. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या न बोललेल्या दुःखाचं असतं. आणि विक्का मानत असताना ज्यांना येशूची ओढ वाटते आहे, त्यांनी शुभवर्तमान स्वतः, सलग, कुणाच्या टिपांशिवाय वाचावं. मार्कापासून सुरुवात करा, ते सर्वांत छोटं आहे.

पाळकांकडे विक्काचा विषय घेऊन जाऊ नका, आधी बाळाचा घेऊन जा. त्यांना सांगा की मला माझ्या बाळासाठी प्रार्थना हवी आहे. अनेक पंथांच्या प्रार्थनापुस्तकांत पोटातलं बाळ गेलेल्या आईवडिलांसाठी प्रार्थना आहेत. तुमच्या मंडळीत तशी रीत नसेल तर ८८वं स्तोत्र वाचा म्हणावं. सगळ्या स्तोत्रांत ते असं आहे जे अंधारातच संपतं आणि तरी बायबलमध्ये आहे. तुम्हा दोघांना, लोकांसमोर नको असेल तर पाळकांच्या घरी, एक मेणबत्ती लावून ती प्रार्थना करता येईल. ते नाही म्हणाले तर दुसऱ्या मंडळीतल्या पाळकांना किंवा फादरांना विचारायला संकोच करू नका.

पण त्याच्याही आधी नवऱ्याशी बोला. एकांतात प्रार्थना करायला येशूनेच सांगितलं आहे, तेव्हा कपाटाचं दार बंद ठेवण्यात गैर काही नाही. पण ते उघडं सापडेल या भीतीने तुम्ही जगत असाल, तर तो एकांत राहिला नाही. बाळ त्यांचंही होतं, आणि त्यांनीही दीड वर्ष कुणाजवळ तोंड उघडलं नसेल. सगळा विक्का पहिल्याच दिवशी समजावून सांगू नका. नाव सांगा, आणि ते कधी, कसं उच्चारलंत ते सांगा. मग दोघं मिळून पाळकांकडे जा. गटाला काय कळवायचं ते त्यानंतर ठरवा.